मुळीवरून ओळखावी अळंबी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जुलै उजाडला, पावसाची चांगली झड लागून मध्येच एक-दोन दिवस ऊन पडलं की वालीव नाक्यावर माझी नजर भाजीवाल्यांपेक्षा डोंगराकडून येणाऱ्या बायांच्या टोपल्यांवर जाते. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवरून त्या पहाटे निघतात. टोपलीत शेवळं, कंटोळी, टाकळा असतोच. पण नशीब चांगलं असेल तर सागाच्या पानावर मांडलेले पांढऱ्या अळंबीचे वाटे दिसतात.

एका पावसाळ्यात असाच एक वाटा मी घेत होतो. आजीबाईंनी वाटा पानात बांधता बांधता त्यातली एक छत्री उचलली, उलटीपालटी केली आणि शेजारच्या गटारात टाकून दिली. मला ती बाकीच्यांसारखीच दिसत होती. तेवढीच पांढरी, तेवढीच टवटवीत. मी विचारलं, "आजी, ती का टाकलीत?" त्या म्हणाल्या, "तिला मुळी नाय." त्यांच्या दृष्टीनं विषय तिथे संपला. माझ्या दृष्टीनं तो तिथे सुरू झाला. आज त्या मुळीबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

आपण जिला सरसकट अळंबी म्हणतो, गोव्यात जिला अळमी म्हणतात आणि विदर्भाच्या जंगलपट्ट्यात जिला सात्या म्हणतात, ती पावसाळी अळंबी म्हणजे वाळवीच्या वारुळातून येणारी बुरशी. शास्त्रात या कुळाचं नाव टर्मिटोमायसिस. टर्माइट म्हणजे वाळवी आणि मायसिस म्हणजे बुरशी. म्हणजे सरळ मराठीत 'वाळवीबुरशी'. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये दिलं. आपल्या बाजारात येणाऱ्या, मधोमध राखाडी-तपकिरी ठिपका असलेल्या पांढऱ्या अळंबीत एक प्रमुख जात आहे, टर्मिटोमायसिस हाइमी. या जातीचं शास्त्रीय वर्णन मद्रास विद्यापीठातले बुरशीतज्ज्ञ के. नटराजन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलं आणि हाइम यांच्या सन्मानार्थ तिला हे नाव दिलं. योगायोग असा की त्याच वर्षी हाइम यांचं निधन झालं.

आता तुम्ही म्हणाल, आमची आजी-पणजी जी भाजी खात आली, ती १९७९ मध्ये 'नवी' कशी? प्रश्न रास्त आहे. शास्त्रात 'नवी जात' म्हणजे काल जन्माला आलेली जात नव्हे. ती डोंगरात होतीच, लोकांच्या ताटातही होती. नवं होतं ते एवढंच की, ती तिच्या भावंडांपेक्षा वेगळी आहे हे कोणीतरी पुराव्यानिशी दाखवून दिलं. घरात सगळ्या मुलींना 'बाळ' म्हणून हाक मारत असाल, तर शाळेत घालताना प्रत्येकीचं नाव वेगळं लिहावंच लागतं, तसंच काहीसं हे.

हे नाव लिहिण्याचे नियम मात्र कडक आहेत. जातीचं बारकाईनं वर्णन करावं लागतं. ज्या प्रत्यक्ष नमुन्यावरून वर्णन केलं, तो वाळवून एखाद्या मान्यताप्राप्त संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. त्याला प्रमाण नमुना म्हणतात. पुढे कोणाला शंका आली तर भांडण त्या नमुन्यासमोर मिटवायचं. जवळच्या नातेवाईक जातींशी तुलना करून फरक दाखवावा लागतो. २०११ च्या अखेरीपर्यंत हे वर्णन लॅटिन भाषेत असणं सक्तीचं होतं. २०१२ पासून इंग्रजीही चालतं. २०१३ पासून बुरशीच्या प्रत्येक नव्या नावाची आंतरराष्ट्रीय नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. आपल्या महाराष्ट्रात या कामाचं मोठं केंद्र पुण्याची आघारकर संशोधन संस्था. तिथे बुरशींचा राष्ट्रीय संग्रह सांभाळला जातो.

काम किती शिल्लक आहे, याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. जगात आजवर सुमारे दीड लाख बुरशींना नावं मिळाली आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार प्रत्यक्षातल्या जाती २२ ते ३८ लाखांच्या दरम्यान असाव्यात. म्हणजे आपण दहांतली एकही धड ओळखत नाही.

आता आजींच्या मुळीकडे येऊ. वाळवी लाकूड आणि पालापाचोळा खाते हे आपल्याला माहीत असतं. पण वारूळ करणाऱ्या या वाळवीला ते नीट पचत नाही. म्हणून ती शेती करते. कामकरी वाळवी लाकूड-पाला खाऊन वारुळात परतते आणि आपल्या अर्धवट पचलेल्या विष्ठेचं, मधाच्या पोळ्यासारखं दिसणारं एक स्पंजासारखं पोळं बांधते. त्यावर ही बुरशी वाढते. बुरशी लाकडातले चिवट घटक फोडते, पोळ्यावर पांढऱ्या मोहरीएवढ्या गाठी धरतात आणि वाळवी त्या गाठी व मुरलेलं पोळं खाते. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. वाळवीची ही शेती आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, असं शास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे वारुळात बुरशी असते ही नोंद युरोपियन निसर्गशास्त्रज्ञ योहान कोनिग यांनी १७७९ मध्येच केली होती, आणि तीही तंजावर भागातल्या निरीक्षणांवरून.

पावसाळ्यात या पोळ्यावरून बुरशीचा कोंब वर निघतो. पोळं जमिनीत खोल असतं, त्यामुळे कोंबाला माती भेदत लांबवर चढावं लागतं. त्याच्या टोकाला मातीत घुसण्यासाठी कठीण टेंगूळ असतं. छत्री उघडल्यावर तेच मधोमध गडद ठिपक्यासारखं दिसतं. आणि मागे राहते ती लांब, निमुळती होत गेलेली मुळी, जी थेट पोळ्याला जोडलेली असते. म्हणजे मुळी हा अळंबीचा जन्मदाखला आहे. ती सांगते, ही छत्री वारुळातूनच आली.

या कुळातल्या भावंडांमध्ये फरक कसा करायचा? हाइमीची छत्री पांढरी, मध्यावर राखाडी-तपकिरी, आणि देठावर जाडसर कडं असतं. यूरायझस नावाची बहीण अंगानं तपकिरी आणि मध्यावर अधिक काळपट. तिच्या नावाचा अर्थच 'चांगली मुळी असलेली'. क्लायपिएटस नावाच्या जातीचं टोक भाल्यासारखं अणकुचीदार असतं आणि देठावर कडं नसतं. मायक्रोकार्पस ही सगळ्यांत धाकटी. छत्री जेमतेम बोटाच्या पेराएवढी, पण येते ती शेकड्यांनी, जमिनीवर तांदूळ सांडावेत तशी. वाळवीनं पोळ्याचे तुकडे बाहेर आणून पसरलेले असतात, त्यावर ती उगवते. त्यामुळे तिला लांब मुळीची गरजच पडत नाही. आणि आफ्रिकेतली टायटॅनिकस ही थोरली. झांबियातल्या नमुन्यांवरून १९८० मध्ये वर्णन झालेल्या या जातीची छत्री मीटरभर रुंद होऊ शकते.

डोळ्यांना दिसणारी लक्षणं मात्र कधीकधी शास्त्रज्ञांनाही चकवतात. चीनमध्ये १९८१ मध्ये देठावरच्या कड्यासारख्या लक्षणांच्या आधारे काही वाळवीबुरशींसाठी सायनोटर्मिटोमायसिस असं वेगळंच कूळ मांडलं गेलं. धाकट्या मायक्रोकार्पसलाही तिच्या वेगळ्या वागण्यामुळे पूर्वी कोणी दुसऱ्या कुळात घातलं होतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात दिसलं की या दोन्ही मूळ घरातल्याच आहेत. म्हणून आज नवी जात जाहीर करताना बाह्य लक्षणं, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचं माप आणि डीएनए या तिन्हींची साक्ष काढतात. बुरशींच्या ओळखीसाठी डीएनएचा एक ठरावीक तुकडा २०१२ मध्ये 'बारकोड' म्हणून सुचवला गेला.

हे झालं नात्यातल्यांचं. खरा धोका नात्यात नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्यांचा आहे, आणि तिथे चूक झाली तर ती केवळ नावाची चूक राहत नाही.

पहिली तोतया वसई-विरारच्या सोसायट्यांच्या हिरवळीवर उगवणारी. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस हे तिचं नाव. मोठी पांढरी छत्री, वर तपकिरी खवले, देठावर कडं. छत्रीखालचे पापुद्रे सुरुवातीला पांढरे असतात आणि वय झालं की हिरवट होतात. ही खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. माणूस बेजार होतो, पण बहुधा वाचतो.

दुसरी तोतया मात्र जीव घेणारी. अमॅनिटा कुळातल्या काही पांढऱ्या जाती. हिच्याही देठावर कडं असतं, म्हणजे हाइमीच्या कोवळ्या छत्रीशी गफलत होण्याची पुरती सोय. हिची खूण जमिनीत असते. देठाचा तळ फुगीर असून तो एका पातळ पांढऱ्या वाटीत बसवलेला असतो. वाळवीच्या अळंबीला वाटी नसते, मुळी असते. आता विचार करा, कोणी घाईनं विळीनं जमिनीलगत देठ कापून छत्र्या गोळा केल्या, तर वाटी आणि मुळी हे दोन्ही पुरावे मातीतच राहतात. आजी मुळीसकट अळंबी का उपटून आणतात आणि मुळी नसलेली का फेकतात, हे मला हे वाचताना कळलं.

अमॅनिटाचं विष कपटी आहे. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक काळ, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मध्येच एक दिवस बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत जातं. हे विष शिजवून, तळून किंवा वाळवून जात नाही. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानटी अळंबी खाऊन चहाच्या मळ्यांतल्या मजुरांच्या कुटुंबांतली माणसं, त्यांत लहान मुलंही, दगावली होती. म्हणून, शंका आली तर वाट पाहू नका. उरलेली अळंबी किंवा भाजी सोबत घेऊन सरळ रुग्णालय गाठा.

घरगुती परीक्षांवर विसंबू नका. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्ली तर चांगली, लसूण घालून रंग बदलला तर वाईट, या सगळ्या समजुती चुकीच्या आहेत. गोगलगाय आनंदानं खाते ते माणसाला मारू शकतं.

एक प्रयोग मात्र घरी करण्यासारखा आहे. खाण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. उघडलेल्या अळंबीचा देठ काढा, छत्री अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर उपडी ठेवा, वर वाटी झाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर बीजाणूंची नक्षी उमटलेली दिसेल. वाळवीच्या अळंबीची नक्षी गुलाबी, अमॅनिटाची पांढरी, क्लोरोफायलमची हिरवट. पण गुलाबी आली म्हणजे खायला हरकत नाही, असं समजू नका. एन्टोलोमा नावाच्या कुळाचेही बीजाणू गुलाबी असतात आणि त्यातल्या काही जाती विषारी आहेत. त्यांचे पापुद्रे देठाला चिकटलेले असतात, आपल्या अळंबीचे देठापासून सुटे. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. सगळ्या खुणा जुळल्या तरच ओळख पटली म्हणायचं.

शेवटी एक काळजी. धिंगरी आणि बटण अळंबी आपण शेडमध्ये पिकवतो. वाळवीची अळंबी मात्र माणसाला अजून व्यापारी पद्धतीनं पिकवता आलेली नाही. तिला वाळवीच लागते. बहुतेक वाळवीच्या नव्या वसाहतींत ही बुरशी राजा-राणीसोबत येत नाही. कामकरी वाळवी बाहेर पडलेले बीजाणू गोळा करून आणते, तेव्हा नवं शेत लागतं. म्हणजे काही छत्र्या उघडून त्यांचे बीजाणू जमिनीवर पडणं गरजेचं आहे. बाजारात कळ्यांना भाव जास्त, म्हणून सगळ्याच कळ्या खुडल्या तर ही साखळी तुटायला मदतच होणार. आणि वारूळच गेलं तर प्रश्नच मिटला. वालीव-सातिवली परिसरात गाळे, गोदामं आणि रस्ते वाढताना जमीन सपाट होते, त्यात पिढ्यान्‌पिढ्या अळंबी देणारी वारुळंही जातात. तुंगारेश्वरचं सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य २००३ मध्ये जाहीर झालं, तो डोंगर तरी शिल्लक आहे. अभयारण्याच्या आत काही खुडायला जाऊ नये, हे सांगायला नकोच.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी आजींना विचारलं, एका वारुळावरच्या सगळ्या काढता का? त्या म्हणाल्या, "सगल्या नाय काढायच्या. फुललेल्या ठेवायच्या." का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या सासूनं त्यांना तसं शिकवलं होतं, एवढंच. तुमच्या आवारात, शेताच्या बांधावर किंवा घरामागच्या टेकडीवर वारूळ असेल, तर त्याला एक पावसाळा तरी राहू द्या. आणि अळंबी घेताना विकणाऱ्या मावशींना विचारा, मुळी दाखवा म्हणून. त्या हसतील, पण दाखवतील.