सरकणारा काठ

वहिनी दगडांना चुना लावतायत. मे महिन्यातला शनिवार, सकाळचे सात. एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्यात काथ्याचा कुंचला, पदर कमरेला खोचलेला. अंगणाच्या शेवटच्या पायरीवरून पाण्याकडे एक वाट उतरते. तिच्या दोन्ही कडांना दगड मांडलेत. वरचे पांढरे झालेत, खालचे अजून काळे आहेत. त्या खालच्या दगडांच्या जागी गेल्या आठवड्यात पाणी होतं.

"रातचं पाव्हणं खाली उतरतात. अंधारात कुणाचा पाय मुरगळला, तर दवाखाना गाठायला घाट चढायचा," असं म्हणत त्या पुढच्या दगडाकडे सरकतात.

तापोळ्यातल्या वहिनींच्या या घरावर रंगीत अक्षरांत 'रिसॉर्ट' अशी पाटी आहे. मागं राहतं घर, पुढं सहा खोल्या आणि खाली, एकेकाळच्या नाचणीच्या वावरात, तंबूंसाठी सपाट केलेल्या तीन ताली. महाबळेश्वरहून पंचवीसेक किलोमीटरचा घाट उतरून माणसं इथं येतात ती समोरच्या शिवसागरासाठी. आत्ता समोर आधी लाल माती दिसते, तिच्याखाली भेगाळलेला गाळ, गाळात पालथी पडलेली एक जुनी होडी आणि मग पाणी. निळंशार आहे, सुंदर आहे, पण लांब आहे.

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. भिंत पार दक्षिणेला, कोयनानगरला. तिथून पन्नासेक किलोमीटर मागं पसरलेलं पाणी सोळशी आणि कांदाटीच्या खोऱ्यांतही शिरतं. पूर्ण भरला की यात १०५ टीएमसी पाणी मावतं. भरायला वेळ लागत नाही, कारण महाबळेश्वर आणि नवजा या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दिवाळीत पाणी वहिनींच्या पायरीला लागतं आणि त्यानंतर उतरू लागतं. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पोफळीकडे जातं, वीज करून वाशिष्ठी नदीत पडतं. काही पाणी धरणाखाली सोडलं जातं, सांगलीकडच्या शेतीसाठी. पश्चिमेकडं वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे आणि हे हिशेबाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. म्हणजे मे ही धरणाची वर्षअखेर. शाळांना सुट्ट्याही नेमक्या मेमध्येच. वहिनींकडं सगळ्यात जास्त माणसं येतात, तेव्हा तलावात सगळ्यात कमी पाणी असतं.

"पेपरात येतं की, इतकं टीएमसी न् तितकं टीएमसी," त्या डबा उचलतात. "मला आपलं दगडावरनं कळतं."

नऊ वाजता स्वयंपाकघरात दोन चुली आणि एक गॅस एकदम चालू आहे. वाडीवरच्या दोघी जणी मदतीला आल्यात. एक तांदळाच्या पिठाची उकड मळतेय, दुसरी पाट्यावर खोबरं-लसूण वाटतेय. मिक्सर शेल्फावर आहे, पण रश्श्याचं वाटण पाट्यावरचंच लागतं, कारण पुण्याचे पाहुणे ते बघायला स्वयंपाकघरात डोकावतात आणि व्हिडिओ काढतात. दारात कोळी उभा आहे, पाटीत तीन कटला. वहिनी एकाचा कल्ला उचलून लाली बघतात, दुसऱ्याचं पोट दाबतात, तिसरा बाजूला सारतात. "ह्यो कालचा." कोळी हसतो. वाद होत नाही, भाव मात्र उतरतो.

भिंतीवर खिळ्याला वही लटकलेली आहे. सहा खोल्या, चार तंबू, एकतीस माणसं, त्यात नऊ शाकाहारी, एकांचा उपास आणि एका बाळाला मऊ भात. अॅडव्हान्स आला त्या नावापुढं बरोबरची खूण, नुसतं 'येतो' म्हणालेल्यांपुढं गोल. गोलवाल्यांचा मासा त्या घेत नाहीत. आलेच, तर पिठलं आहे.

पाण्याचा हिशेब वहीत नाही, तो वहिनींच्या डोक्यात आहे. एवढा मोठा तलाव दारात, पण प्यायचं पाणी येतं वरच्या डोंगरातल्या झऱ्यावरून, उतारानं आणलेल्या काळ्या पाइपातून. मे महिन्यात ती धार करंगळीएवढी होते. म्हणून मेमध्ये खोल्यांतले शॉवर बंद असतात आणि दारात बादली-मग ठेवलेले असतात. टाकी रात्रभरात भरते. पाइप मध्येच कुठं निसटला, तर बॅटरी घेऊन डोंगर चढायचा. ते काम कुणाचं, हे मी विचारत नाही. कोपऱ्यात चिखलानं भरलेले गमबूट दिसतात, बायकांच्या मापाचे.

मालक वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. जावळीच्या या खोऱ्यातल्या गावांची हीच रीत. गडी मुंबईला, बाई गावाला. १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा त्याच्या आधारानं पाठीवर पोती वाहणाऱ्यांना पगार, रजा, फंड मिळू लागला, आणि त्याच फंडावर कर्ज काढून पहिल्या दोन खोल्या उठल्या. उरलेल्या चार वहिनींनी उठवल्या, एकेक करून, हंगामाच्या कमाईतून. "त्यांनी पैसं दिलं, मी वाळू चाळली," त्या भाकरी थापताना सांगतात. हात थांबत नाहीत.

सासूबाई ओट्यावर बसून करवंदं निवडतायत. वहिनी त्यांना आत्याबाई म्हणतात. वय सत्तरीच्या पुढं, नजर तलावाकडं.

"ती होडी दिसती? तिच्या उजव्या अंगाला बघा. आमचं जोतं."

मी बघते. गाळात दगडांची एक रांग आहे, चौकोनाच्या दोन बाजू.

"पाणी आलं तवा मी परकर नेसायची. बा म्हणाला, वर चला. कोण ठाण्याकडं गेलं, कोण सोलापूरकडं. आमी वर सरकलो." त्या दोन हिरवी करवंदं बाजूला टाकतात. "मग तो भूकंप झाला. पहाटं. भांडी खाली." हा ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. आत्याबाई तो एवढ्याच शब्दांत सांगतात आणि टोपली सुनेकडं सरकवतात. करवंदांचं सरबत दुपारी पाहुण्यांना द्यायचंय.

वहिनींची लेक मोबाईलवर अर्ज बघतेय. राज्य सरकारचं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण २०२३ साली आलं. बाईच्या मालकीचा पर्यटन व्यवसाय असेल, तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेपर्यंत परत मिळतं. लेक कॉलेजात शिकते. मोठ्यानं वाचत ती 'मालकी' या रकान्यापाशी थांबते.

"आई, धंदा तुझ्या नावावर दाखवायचाय."

"दाखव की."

"बँक सातबारा मागणार. त्यावर आजोबा, आणि त्यांचे दोन भाऊ."

वहिनी तवा उतरवतात. घर, खोल्या, ताली, दगडांची वाट, हे सगळं सामाईक सातबाऱ्यावर उभं आहे. चुलतसासरे एक वाशीला, एक घणसोलीला. सहीला नाही म्हणणार नाहीत, पण गणपतीत गावी येतील तेव्हा देतील. "मग गणपतीनंतर बघू," वहिनी म्हणतात. "रद्द करू नको, तसाच ठेव." हा निर्णय घ्यायला त्यांना एक भाकर शेकण्याइतकाच वेळ लागतो.

साडेबाराला पहिली गाडी येते, मग एकापाठोपाठ एक. अंगणात चाकांच्या बॅगांचा खडखडाट, पोरांचा दंगा, "रेंज कुठे येते?" वहिनींनी साडी बदललीय, कपाळाचं कुंकू नीट केलंय. पायरीशी उभ्या राहून त्या प्रत्येकाला "या, या, लई वेळ लागला का घाटात?" म्हणतात आणि बोलता बोलता डोकी मोजतात. वहीत पाच, गाडीतून सात. त्या काही बोलत नाहीत. आत वळून फक्त म्हणतात, "दोन वाढले गं." आत उकड वाढते.

एक गृहस्थ गॉगल कपाळावर सारून समोर बघतात.

"लेक व्ह्यू कुठाय?"

"ह्यो काय समोर."

"फोटोत पाणी पायरीला होतं."

"तो दिवाळीचा. मेचा पण पाठवलाय की, अॅडव्हान्सच्या आधी."

गृहस्थ बायकोकडं बघतात. बायको मोबाईलमध्ये बघते. पाठवलेला असतो. लेकीनं मागच्या वर्षीपासून ही पद्धत घातली आहे. दोन फोटो, खाली महिना लिहून. वहिनींचा आधी विरोध होता, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. तुटलं नाही. भांडणं मात्र कमी झाली.

चारनंतर बोटींची वेळ. बोट क्लबचा धक्का आता उंचावर कोरडा उभा आहे. बोटी खाली गाळाच्या कडेला लागतात आणि वाहनं पलीकडं नेणाऱ्या तराफ्याची जागाही पाण्याबरोबर खाली गेली आहे. वहिनी पाहुण्यांना काठापर्यंत पोचवतात. लाईफ जॅकेटचे बंद एकेकाचे ओढून बघतात. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा जॅकेट नको म्हणतो. "बरं. मग तू माझ्यासंगं काठावर बस. भाकऱ्या मोजू." मुलगा जॅकेट घालतो. बोट त्रिवेणी संगमाकडं निघते. दक्षिणेला वासोट्याच्या बाजूचे डोंगर धुरकट दिसतात. तो सगळा टापू व्याघ्र प्रकल्पाचा, तिकडचं रान राखीव.

बोट नजरेआड होईपर्यंत वहिनी उभ्या राहतात. दिवसभरात त्या रिकाम्या हातानं उभ्या राहिल्या, तेवढ्याच. पाणी बघतायत असं मला वाटतं. पण त्या म्हणतात, "पुढच्या शनवारी अजून सा दगड लागणार."

साडेआठला लाईट जाते. कोयना प्रकल्पाची एकूण वीजक्षमता १,९६० मेगावॅट, आणि ज्या पाण्यावर ती तयार होते त्या पाण्याच्या काठी एकतीस अधिक दोन माणसं ताटावर बसलेली असताना काळोख. "अरे बापरे" असा एक सूर उठतो. वहिनी आवाजही न चढवता "बसा हां, उठू नका" म्हणतात. लेक जनरेटरची दोरी ओढते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन धडधडतं. तोवर आत्याबाईंनी दोन कंदील ओट्यावर आणून ठेवलेत. ते त्यांनी संध्याकाळीच पुसून, तेल घालून ठेवले होते.

रश्श्याचं पातेलं दुसऱ्यांदा फिरतं. कटल्याची तुकडी कुणाला दोन, कुणाला तीन. उपासवाल्या बाईंना वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. बाळाचा भात आधीच झालाय. मुलगा चौथी भाकरी मागतो. वहिनी त्याच्या ताटात ती वाढतात आणि म्हणतात, "मोजली हां." हसू पसरतं. वहिनींचं स्वतःचं ताट अकरा वाजता वाढलं जातं. रस्सा संपलाय. त्या पिठलं-भाकरी खातात, एका कानाला फोन. वाशीहून मालक विचारतायत, किती झालं? त्या आकडा सांगत नाहीत. "उद्या सांगते. आधी चादरी धुवायच्यात."

खाली वाटेवरून तिघंचौघं पाण्याकडं निघालेत. पांढऱ्या दगडांमधून नीट, रांगेत.

रविवारी सकाळी हिशेब. ओट्यावर वही, शेजारी गुगल पेचा कोड चिकटवलेली फळी. सगळे देतात, दोघं-तिघं वर काही ठेवतातही, ते भाकरीवालीच्या हातात जातं. गॉगलवाले गृहस्थ शेवटी येतात. जेवण उत्तम होतं, म्हणतात. मग घसा साफ करतात. तलाव फारच लांब होता, काहीतरी कमी करा.

वहिनी वही मिटत नाहीत. "साहेब, तलावाचं पैसं मी लावलंच नाहीत. ते सरकारचं पाणी. मी लावलंय खोलीचं, जेवणाचं आणि रातच्याला जनरेटर चालला त्याचं. त्यातलं काय कमी पडलं, ते सांगा, तेवढं कमी करते."

गृहस्थ क्षणभर विचार करतात. काही सापडत नाही. मोबाईल काढतात, कोड स्कॅन करतात आणि जाता जाता विचारतात, दिवाळीत खोली मिळेल का?

"मिळंल की. तवा पाणी पायरीला असतं." वहिनी वहीचं मागचं पान उघडतात आणि पेन्सिलीनं एक गोल काढतात. "दर बी तसाच वर असतो. अॅडव्हान्स आला की खूण करते."