परदेशात माल पाठवताय? आधी ‘स्कोमेट’ यादी पाहा

सातारा, कुपवाड, मिरज, पलूस इथल्या एमआयडीसीत आपल्या समाजातली अनेक मुलं लेथवर, व्हीएमसीवर, फाउंड्रीत काम करतात. काहींनी कर्ज काढून स्वतःचं वर्कशॉप टाकलंय. दुसरीकडे मोहल्ल्यातलं कुणी ना कुणी दुबई, शारजा, मस्कतला नोकरीला असतंच. मग एक दिवस तिकडून फोन येतो, “भाईजान, इथल्या एका पार्टीला पंप आणि व्हॉल्व्ह पाहिजेत, पैसे ॲडव्हान्स देतायत, पाठवता का?” धंदा वाढत असेल तर चांगलंच आहे. पण माल न्हावा-शेवा बंदराकडे निघण्याआधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवी. काही वस्तू सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि त्या सगळ्या काही बंदुका-तोफा नसतात.

या वस्तूंची एक यादी आहे, तिला ‘स्कोमेट’ म्हणतात. विशेष रसायनं, जीवजंतू, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान असा त्या नावाचा अर्थ. ही यादी विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, काढतं. १९९२ चा विदेश व्यापार कायदा आणि सामूहिक संहाराच्या शस्त्रांबाबतचा २००५ चा कायदा तिच्या पाठीशी आहेत. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या, २०१७ मध्ये वासेनार आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटांत सामील झाला. या गटांच्या याद्यांशी आपली यादी जुळवून घेतलेली आहे.

शस्त्रास्त्रं यादीत असणार हे कुणालाही कळतं. अडचण होते ती दुहेरी वापराच्या वस्तूंची. हा प्रकार मिरजेच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. तलवारींना धार लावणाऱ्या, हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनीच एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरा बनवायला घेतला. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. हात तेच, कसब तेच, फक्त उपयोग बदलला. कारखान्यातल्या मालाचंही तसंच असतं. चांगल्या कामाची वस्तू वाईट कामालाही लागू शकते.

पंपाचंच उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून या भागाला पंपांचं नवल नाही. शेतात पाणी उपसणारा बिडाचा साधा पंप यादीत नाही. पण सील नसलेला किंवा एकापेक्षा जास्त सील असलेला, तासाला ६०० लिटरपेक्षा जास्त द्रव ओढणारा आणि रसायनाला लागणारा भाग टायटॅनियम, टँटलम, जास्त निकेलचा मिश्रधातू किंवा फ्लोरोपॉलिमर अशा न गंजणाऱ्या पदार्थाचा असलेला पंप नियंत्रणाखाली येतो. कारण असा पंप औषधाच्या कारखान्यात चालतो, तसा विषारी वायू बनवायलाही चालतो. रसायनांचंही तेच. मशीनच्या कूलंटमध्ये आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरलं जाणारं ट्रायइथॅनॉलअमीन रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या यादीत आहे. म्हणजे वस्तूचं नुसतं नाव पाहून चालत नाही. धातू, माप, क्षमता सगळं ताडून पाहावं लागतं.

“आम्हाला काय माहीत पुढे काय होणार?” असं वाटणं साहजिक आहे. २००३ साली दुबईहून लिबियाकडे निघालेलं एक जहाज इटलीच्या तारांतो बंदराकडे वळवण्यात आलं. त्यात युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग सापडले. ते मलेशियातल्या एका कारखान्यात मशीनिंग झालेले होते. आपल्याला ते तेल आणि गॅस उद्योगासाठी असल्याचं सांगितलं होतं, असं कारखान्याचं म्हणणं होतं. मधला दलाल दुबईतून काम करत होता. कारखान्याचं नाव मात्र जगभरच्या बातम्यांत आलं.

आपल्या कायद्यात म्हणूनच आणखी एक तरतूद आहे. वस्तू यादीत नसली, तरी ती अण्वस्त्रं, रासायनिक किंवा जैविक शस्त्रं अथवा क्षेपणास्त्रांसाठी वापरली जाईल असं आपल्याला माहीत असेल किंवा तसं मानायला कारण असेल, तर परवाना लागतोच. आणि फक्त माल नव्हे, तंत्रज्ञानही यात येतं. नियंत्रित वस्तूचं ड्रॉइंग ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर परदेशी पाठवलं तरी ती निर्यातच समजली जाते. डिझाइनच्या नोकरीत असलेल्या आपल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावं.

२००५ च्या कायद्यानुसार बेकायदा निर्यातीला ३ लाख ते २० लाख रुपये दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा झाला तर ६ महिने ते ५ वर्षं कैद. जाणूनबुजून दहशतवाद्यांना असं साहित्य पुरवलं तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. छोट्या वर्कशॉपला पहिला दंडसुद्धा बसवायला पुरेसा आहे.

मग करायचं काय? आमचं सांगणं साधं आहे. निर्यात कोड काढलेला असला म्हणजे सगळं झालं असं समजू नका. मालाचं स्पेसिफिकेशन हातात घेऊन डीजीएफटीच्या संकेतस्थळावरची यादी तपासा, समजत नसेल तर जाणकार सल्लागाराला विचारा. माल यादीत असेल तर अर्ज ऑनलाइन होतो. अणुसंबंधी वस्तूंचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो, लष्करी सामानाचा संरक्षण उत्पादन विभाग, आणि बाकीच्या बहुतेक वस्तूंचा डीजीएफटी. माल शेवटी कोण वापरणार आणि कशासाठी, हे ग्राहकाकडून लेखी घ्यावं लागतं. कागदपत्रं किमान ५ वर्षं जपून ठेवा.

ग्राहक वापर सांगायला टाळत असेल, बाजारभावापेक्षा जास्त पैसे देत असेल, मशीन घेऊन ते बसवण्याची सोय आणि ट्रेनिंग नको म्हणत असेल, किंवा मालाचा पत्ता ऐनवेळी बदलत असेल, तर थांबा. आखातातल्या नातेवाइकांनीही मधल्या पार्टीच्या नावावर समाधान न मानता शेवटच्या वापरकर्त्याचं नाव विचारावं. त्यात संकोच कसला? चौकशी आली तर “मेहुण्याने सांगितलं म्हणून पाठवलं” हे उत्तर चालत नाही. तिथे कागदच बोलतो.

परवान्याला वेळ लागतो, एखादी ऑर्डर हातची जाईलही. पण वर्षानुवर्षं घाम गाळून उभं केलेलं वर्कशॉप आणि घराण्याचं नाव एका ऑर्डरसाठी पणाला लावण्यासारखं नाही.