घट्ट बसलेला स्पार्क प्लग

म्हैसूर शहराच्या यादवगिरी भागात १९६१ पासून ‘आयडियल जावा’ या कारखान्यात मोटारसायकली तयार होत असत. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने निघालेल्या या गाड्या पुढे ‘येझदी’ या नावाने विकल्या गेल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. गाड्या मात्र बंद पडल्या नाहीत. म्हैसुरात, तशाच महाराष्ट्रातील गावोगावीही, त्यांपैकी पुष्कळ अद्याप रस्त्यावर आहेत. एखादी गाडी दहा-पंधरा वर्षे पडवीत उभी राहते आणि मग घरातल्या कोणाला तरी ती पुन्हा चालू करावीशी वाटते. अशा वेळी पहिल्या काही कामांत प्लग काढून पाहण्याचे काम येते, आणि तेथेच घोडे अडते. प्लग जागचा हलत नाही.

प्लगची किंमत थोडी असते. परंतु तो ज्यात बसविलेला असतो ते अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे हेड मूळ कारखान्यातून मिळण्याची सोय आता राहिलेली नाही. तेव्हा प्रश्न प्लग वाचविण्याचा नसून हेडमधील आटे वाचविण्याचा आहे, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

प्लगची रचना साधी आहे. मधोमध एक धातूची सळई, तिच्याभोवती चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या कठीण पदार्थाचे विसंवाहक कवच आणि त्याबाहेर पोलादी आवरण. या आवरणाच्या खालच्या भागावर आटे व वरच्या भागावर पाना बसण्यासाठी सहा बाजू असतात. सळईचे टोक आणि आवरणाला जोडलेली लहानशी पट्टी यांच्यामधील फटीत ठिणगी पडते व तिने पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटते. पुष्कळ गाड्यांत आढळणाऱ्या प्लगच्या आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर असून एका पूर्ण फेऱ्यात प्लग १.२५ मिलिमीटर वर सरकतो. हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

इतका लहान तुकडा एवढा घट्ट का बसावा? याची कारणे तीन आहेत. पहिले कारण गंजाचे. पोलाद व अ‍ॅल्युमिनियम एकमेकांस चिकटून असले आणि मध्ये ओलावा शिरला की त्यांचा एक सूक्ष्म विद्युत्‌घट तयार होतो व त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. झिजेतून निर्माण होणारी पांढरट भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे आट्यांमधील फट आपोआप भरून निघते. पावसाळ्यांमागून पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीत हेच घडते. दुसरे कारण काजळीचे. या जुन्या गाड्यांच्या दोन धावांच्या एंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. ते पूर्णपणे जळत नाही आणि त्याची कठीण खापरी प्लगच्या तळाशी साचते. आटे हेडच्या जाडीपेक्षा लांब असतील तर पुढे डोकावणाऱ्या आट्यांवर ही खापरी चढते. प्लग बाहेर येताना तीच खापरी हेडच्या मऊ आट्यांतून ओढली जाते आणि कानशीप्रमाणे काम करते. म्हणून प्लगची लांबी एंजिनच्या पुस्तिकेत सांगितलेलीच असावी. तिसरे कारण मनुष्याचे: मागच्या वेळी कोणीतरी तो गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. आमच्या समजुतीप्रमाणे हेच कारण सर्वांत जास्त वेळा आढळावे.

मोठ्या मालमोटारी हाकणारांना ही अडचण सहसा येत नाही, कारण डिझेल एंजिनास स्पार्क प्लगच नसतो. तेथे दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते. पेट्रोल किंवा नैसर्गिक वायू यांवर चालणाऱ्या मालमोटारींना मात्र प्लग असतो. या बाबतीत अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या ५.४ लिटरच्या, दर सिलिंडरला तीन झडपा असलेल्या एंजिनाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ ते २००८ या काळातील एफ-१५० या मालवाहू गाड्यांत ते बसविलेले होते. त्याच्या प्लगला आट्यांच्या खाली एक लांब, बारीक नळी होती आणि ती वरच्या भागास जोडलेली होती. नळीभोवती काजळी घट्ट बसे. मेकॅनिक पाना फिरवी. वरचा भाग हातात येई आणि नळी खोल भोकात तशीच राही. अखेरीस कंपनीने दुरुस्ती करणारांसाठी सूचनापत्र काढले. त्यातील रीत अशी: प्लग आरंभी केवळ अष्टमांश ते पाव फेरा सैल करावा, भोकात कार्ब्युरेटर साफ करण्याचे द्रव सोडावे, निदान पंधरा मिनिटे थांबावे, आणि मग पुन्हा आवळणे व सैल करणे असे आलटून पालटून करीत राहावे.

काढावयाच्या वस्तूला पुन्हा आवळावे, हे प्रथम विचित्र वाटते. परंतु हिशेब करून पाहा. अष्टमांश फेऱ्यात प्लग सुमारे ०.१६ मिलिमीटर सरकतो. तेवढ्याने खापरीला तडे जातात, तड्यांतून द्रव आत उतरते व भुगा ओला होतो. प्लग मागे फिरविला की तो भुगा ज्या जागेतून आला तेथे परततो, पुढच्या आट्यांत कोंबला जात नाही. सरळ बाहेर ओढत राहिल्यास मात्र भुगा साचत जाऊन पाचर ठोकल्यासारखा होतो.

जुन्या मोटारसायकलीलाही हीच रीत लागू पडते. एंजिन पूर्ण थंड असावे. प्रथम सायकलच्या पंपाने प्लगभोवतीची धूळ उडवून टाकावी, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडेल. किक हळूच दाबून दट्ट्या वरच्या टोकाजवळ आणावा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील वाटा झाकल्या जातात व एखादा कण सुटलाच तर तो खालच्या भागात जात नाही. मग प्लगच्या बुडाशी गंज सोडविणारे पातळ तेल थेंब थेंब सोडावे आणि रात्रभर वाट पाहावी. बहुतेक लोकांचा धीर नेमका येथे सुटतो.

सकाळी पाना प्लगवर सरळ, शेवटपर्यंत बसवावा. तिरका पाना विसंवाहक कवचाला बाजूने रेटतो आणि ते तडकते. याहून घातक खोड म्हणजे पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप लावणे. १४ मिलिमीटरचा प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये आवळण्यास साधारणपणे २५ ते ३० न्यूटन-मीटर इतका पीळ पुरतो. २० सेंटिमीटरच्या दांड्यावर २० किलोग्रॅमचा जोर दिला की सुमारे ४० न्यूटन-मीटर मिळतात. तोच जोर ६० सेंटिमीटरच्या पाइपवर दिला तर १२० च्या जवळ. लांब पाइप शोधणाऱ्या कारागिराच्या हाती आपली गाडी देऊ नये, असे आम्ही स्पष्टच म्हणू.

तेलाने काम न झाल्यास उष्णतेची मदत घ्यावी. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापमान ५० अंश सेल्सिअसने वाढविले तर १४ मिलिमीटरचे भोक प्लगपेक्षा सुमारे ०.००८ मिलिमीटर अधिक मोठे होते. केसाच्या जाडीचा हा सुमारे नववा भाग; पण आतील कवच भेगाळण्यास तो पुष्कळदा पुरेसा होतो. गरम पाण्यात भिजविलेली फडकी हेडवर गुंडाळून दहा मिनिटे ठेवावीत. ज्योत वापरू नये; जवळच पेट्रोलची टाकी आहे. तसेच नुकतेच चालून आलेल्या एंजिनाशी झटापट करू नये. हात तर भाजतोच, शिवाय तापलेले आटे एकमेकांना खरवडून धरण्याचा धोका वाढतो.

प्लग फिरू लागला की हाताला त्याचे बोलणे कळते. कुरकुर ऐकू आली तर थांबावे, दोन थेंब तेल द्यावे, अर्धा फेरा मागे जावे. एकाएकी हलके वाटले तर आनंद मानण्यापूर्वी शंका घ्यावी, कारण आटा जातानाही असेच वाटते. आटे गेलेच तर भोक थोडे मोठे करून त्यात पोलादी तारेची वेटोळी बसविता येते. हे काम मात्र हेड उतरवूनच करावे, म्हणजे धातूचे कण सिलिंडरमध्ये पडत नाहीत.

नवा प्लग बसविताना पाना बाजूला ठेवावा आणि आटे पुसून तो केवळ बोटांनी फिरवावा. दोन-तीन फेऱ्यांत अडला तर आटे तिरके धरले आहेत असे समजून बाहेर काढावा. आट्यांना वंगण लावण्याची जुनी चाल आहे, पण त्याने घर्षण कमी होऊन तेवढ्याच पिळात प्लग अधिक आवळला जातो. म्हणून कित्येक उत्पादक ते लावू नये असे सांगतात. वॉशर हेडला टेकेपर्यंत बोटे पुरतात. त्यानंतर पान्याने, वॉशर नवा असल्यास, सुमारे अर्धा फेरा द्यावा.