कुंकळ्ळी, बीजिंग आणि क्रूस

१५७८ साली लिस्बनहून आलेल्या जहाजांतून जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे काही तरुण गोव्यात उतरले. त्यांत रुडॉल्फ आक्वाविवा होते आणि मात्तेओ रिच्चीही. दोघे इटलीचे, दोघांनी तिशी गाठलेली नव्हती आणि दोघे एकाच साधनेतून घडलेले. संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आखलेल्या त्या साधनेत साधक महिनाभर मौन पाळतो, क्रुसावरच्या ख्रिस्ताला डोळ्यांपुढे आणतो आणि आपण याच्यासाठी काय केले, काय करायचे राहिले, याचा हिशेब मांडतो. गोव्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आक्वाविवा अकबराच्या दरबारी फतेहपूर सिक्रीला गेले, रिच्ची चीनला.

ज्या खुणेसाठी हे घरदार सोडून आले होते, तिचा अर्थ परक्या माणसाला सांगणे मात्र फार अवघड होते. क्रूस ही रोमन साम्राज्यातली देहदंडाची रीत. गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखलेली, भर रस्त्यात तडफडवून मारणारी. अशा रीतीने मारला गेलेला माणूस देव कसा, हा प्रश्न पहिल्या शतकातच विचारला गेला होता. या शिकवणुकीने ज्यू अडखळतात आणि ग्रीकांना ती मूर्खपणाची वाटते, हे संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच नोंदवले आहे. सुरुवातीचे ख्रिस्ती कलावंतही क्रुसावरचा ख्रिस्त सहसा दाखवत नसत. रोममधल्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर तो कोरलेला दिसतो, पण ते दार पाचव्या शतकातले.

देवाने माणसाचे दुःख वरून पाहिले नाही, ते स्वतःच्या अंगावर घेतले, हा मिशनऱ्यांच्या सांगण्याचा गाभा. पण ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे सांगणारा कोणाबरोबर आला आहे यावरही ठरते. गोव्यातल्या साष्टी भागात ते फार कडवटपणे दिसले.

अकबराकडून परतलेल्या आक्वाविवांवर १५८३ मध्ये साष्टीचे काम सोपवण्यात आले. त्याआधीच पोर्तुगीज फौजेने या भागातली देवळे पाडली होती, गावे जाळली होती. जुलैमध्ये आक्वाविवा आणि आणखी चार जेझुइट साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी गेले. चर्चसाठी जागा पाहायची आणि तिथे क्रूस उभारायचा, एवढाच त्यांचा बेत होता. गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. आक्वाविवांच्या मनातला क्रूस दुसऱ्यासाठी सोसण्याचा होता. कुंकळ्ळीकरांना त्यात आपल्या जमिनीवर आणि देवावर ठोकलेली मालकीची खूण दिसली. जे त्यांनी आधी भोगले होते ते पाहता दुसरे काय दिसणार? पुढे पोर्तुगीजांनी बोलणी करण्याच्या मिषाने गावच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. गावच्या शांतादुर्गा देवीची मूर्ती फातर्प्याला गेली. १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्या पाच जेझुइटांना धन्यवादित घोषित केले. कुंकळ्ळीत आज मारल्या गेलेल्या प्रमुखांचेही स्मारक आहे, आणि दोन्ही मरणे एकत्र वाचल्याशिवाय हा इतिहास कळत नाही.

रिच्चींच्या मागे फौज नव्हती. चिनी पंडितांची भाषा आणि त्यांचा पोशाख स्वीकारून ते वर्षानुवर्षे गणित, नकाशे आणि नीतिविचार यांवर बोलत राहिले. १६०० साली बीजिंगला जाताना मा तांग नावाच्या खोजा अधिकाऱ्याने त्यांचे सामान उघडले. त्यात रक्ताचे ओघळ रंगवलेली क्रुसावरची ख्रिस्ताची लाकडी मूर्ती निघाली. सम्राटाला मारण्यासाठी केलेली ही करणी आहे, असा मा तांगने ओरडा केला. भेदरलेल्या जमावापुढे क्रुसाचे सगळे रहस्य उलगडणे रिच्चींना शक्य नव्हते. आमच्या देशातल्या एका थोर संताने आमच्यासाठी हे दुःख सोसले, एवढेच त्यांनी सांगितले. जेझुइट चीनमध्ये क्रूस लपवतात, असा आरोप पुढे इतर संघांनी केला. तो पुरता खरा नव्हता. १६३७ मध्ये जुलिओ अलेनी यांनी काढलेल्या चिनी सचित्र ख्रिस्तचरित्रात क्रुसावरचे मरण स्पष्ट दाखवले आहे.

गोव्यात तिसरा मार्ग काढला तो फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. तो १५७९ मध्ये गोव्यात आला आणि साष्टीतच राबला. त्याच्या 'क्रिस्तपुराणा'त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. १६१६ साली रायतूरला ते रोमन लिपीत छापले गेले, पण भाषा मराठी. क्रुसाची कथा आता कानावर पडत होती ती ओवीत, पुराण ऐकण्याच्या जुन्या सवयीतून. सत्तेची सावली त्यामुळे पुसली गेली नाही. पण ज्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती, त्यांना आपल्या भाषेत रडण्याची जागा मिळाली. ही गोष्ट लहान नाही.

भक्तीत क्रूस रुजला तो अशाच वाटेने. उपवासकाळात वसईपासून साष्टीपर्यंत चर्चमध्ये क्रुसाची वाट होते. चौदा टप्प्यांवर थांबत, गुडघे टेकत लोक येशूच्या अखेरच्या प्रवासाचे स्मरण करतात. चौदा हा आकडा अठराव्या शतकात पक्का झाला. मे महिन्यात गोव्यात वाड्यावाड्यांवरच्या पांढऱ्या क्रुसांना हार पडतात, लादाइन ही प्रार्थना गायली जाते, उकडलेले चणे वाटले जातात.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा वांद्रे, गिरगाव, माझगाव इथल्या कॅथलिक वस्त्यांनी गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, अंगणात क्रूस उभारले. घरोघरी माणसे दगावत होती आणि संसर्गामुळे गर्दीत मिसळणे जिवावर बेतत होते. म्हणून शेजारीपाजारी या क्रुसांपाशीच प्रार्थनेला जमू लागले. खोताच्या वाडीत असा क्रूस आजही उभा आहे. तो उभारायला कुणी मिशनरी आला नव्हता की सैनिक.