'रन'चे अर्थ किती? एक-दोन नव्हे, तब्बल ६४५!

क्रिकेटमध्ये 'रन' काढतात, संगणकावर प्रोग्राम 'रन' करतात. इंग्रजीत तर सर्दी झाली की नाकही 'रन' होतं! या छोट्याशा शब्दाला एवढे अर्थ आले कुठून?

'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या १९८९च्या आवृत्तीत ४३० अर्थांसह 'सेट' हा शब्द आघाडीवर होता. २०११मध्ये 'रन' अव्वल ठरला. कोशकार पीटर गिलिव्हर यांनी नऊ महिने खपून या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले. याचं एक मोठं कारण म्हणजे यंत्रं. गिरणी असो, रेल्वे असो वा संगणक, चालणाऱ्या यंत्राला इंग्रजीने हाच शब्द लावला.

मात्र वापरताना शेजारचा शब्द नीट पाहा. 'आय रॅन इनटू युवर ब्रदर' म्हणजे तुमचा भाऊ अचानक भेटला. 'इनटू'च्या जागी 'ओव्हर' आलं, तर भाऊ थेट गाडीखाली!

मग ६४५ अर्थ पाठ करायचे? अजिबात नाही. मराठीत भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि दिवाही लागतो. 'लागणे'चे हे अर्थ आपण कुठे पाठ केले? ते वाक्यांतून कळत गेले. 'रन'ही तसाच शिका: सुटा नको, अख्ख्या वाक्यासह.