अंतराळ स्थानकाचा आधार जमिनीवरच

अमेरिकेत ह्यूस्टन येथील जॉन्सन अंतराळ केंद्रातील एका इमारतीचा वीजपुरवठा २५ जुलै २०२३ रोजी खंडित झाला आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाशी नियंत्रण कक्षाचा संपर्क तुटला. स्थानकाला आज्ञा पाठविणे, तेथील यंत्रणांची माहिती मिळविणे आणि अंतराळवीरांशी बोलणे, हे तिन्ही व्यवहार थांबले. सुमारे २० मिनिटांत रशियाच्या संपर्क यंत्रणेमार्फत अंतराळवीरांना याची कल्पना देण्यात आली. सुमारे दीड तासात पर्यायी नियंत्रण यंत्रणा कार्यान्वित झाली. स्थानकाला अथवा अंतराळवीरांना धोका पोहोचला नाही. तथापि जमिनीवरील व्यवस्थेचे महत्त्व या घटनेने अधोरेखित केले.

हे स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर ९० मिनिटांनी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करते. त्यामुळे कोणत्याही एका भूकेंद्राच्या दृष्टिपथात ते एका वेळी जेमतेम दहा मिनिटे राहते. ही अडचण दूर करण्यासाठी सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहांची मदत घेतली जाते. स्थानकाचे संदेश हे उपग्रह न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स आणि प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावरील केंद्रांकडे पाठवितात.

नियंत्रणाचे कामही विभागलेले आहे. रशियन विभागाचे नियंत्रण मॉस्कोजवळील कोरोल्योव्ह येथून, युरोपच्या कोलंबस प्रयोगशाळेचे जर्मनीतील ओबरफाफेनहोफेन येथून, तर जपानच्या किबो प्रयोगशाळेचे त्सुकुबा येथून होते. अमेरिकेच्या वैज्ञानिक प्रयोगांचे संचालन हंट्सव्हिल येथून केले जाते.

पर्यायी व्यवस्था नसल्यास काय होते, याचा प्रत्यय नोव्हेंबर २०२५ मध्ये बैकानूर येथे आला. सोयूझ यानाच्या उड्डाणानंतर प्रक्षेपण मंचाची हानी झाल्याचे आढळले. यान स्थानकावर सुखरूप पोहोचले. परंतु रशियाकडे मानवी उड्डाणासाठी त्या वेळी वापरात असलेला तो एकमेव मंच होता.

सन २०३५ पर्यंत भारतीय अंतरिक्ष स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट भारताने ठेवले आहे. बंगळुरू येथील इस्रोच्या इस्ट्रॅक या संस्थेकडे उपग्रह आणि प्रक्षेपकांचा मागोवा घेण्याचा प्रदीर्घ अनुभव आहे. मानवरहित उपग्रहाशी काही काळ संपर्क नसला तरी चालते. माणसे वास्तव्यास असलेल्या स्थानकाच्या बाबतीत मात्र अखंड संपर्क आणि प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रणेला पर्याय, या दोन्ही गोष्टी अनिवार्य ठरतात.