आयोडीन-अनुमापनातील प्रमादांची उगमस्थाने

मिठातील आयोडीनचे प्रमाण ठरविण्याची अनुमापन-पद्धती दिसावयास सोपी आहे. मिठाच्या विद्रावात अम्ल व पोटॅशियम आयोडाइड घातले म्हणजे मिठातील आयोडेटामुळे आयोडीन मुक्त होते व त्याचे मापन सोडियम थायोसल्फेटाने करतात. आयोडेटाच्या एका रेणूमागे थायोसल्फेटाचे सहा रेणू खर्ची पडतात. असे असूनही १० ग्रॅम मिठात दशलक्ष भागांस १५ भाग आयोडीन असेल, तर ०.००५ नॉर्मल थायोसल्फेट अवघे १.४२ मिलिलिटर लागते. ब्यूरेटवरील ०.१ मिलिलिटरचा फरक म्हणजे सुमारे एक भाग होय. घरोघरी पोचणाऱ्या मिठात निदान १५ भाग आयोडीन असावे असा दंडक आहे; तेव्हा मीठ पुरेसे की अपुरे, हा निर्णय दोन-चार थेंबांवर येऊन ठेपतो.

या पद्धतीतील प्रमाद एकाच दिशेचे नसतात. आयोडीन बाष्पनशील असल्याने उघड्या पात्रातून उडून जाते व उत्तर कमी येते. विपुल आयोडाइड असल्यास ट्रायआयोडाइड बनून ही हानी आटोक्यात राहते. उलटपक्षी, अम्लयुक्त आयोडाइडाचे हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण होऊन नवे आयोडीन निर्माण होते व उत्तर वाढते. प्रकाशाने ही क्रिया त्वरेने घडते. म्हणूनच पात्र बुचाने बंद करून सुमारे दहा मिनिटे अंधारात ठेवावयाचे असते.

पिष्टाचा विद्राव आरंभीच घातल्यास आयोडीनचा काही अंश त्यात अडकून राहतो व अंत्यबिंदू संदिग्ध होतो. विद्रावाचा रंग फिकट पिवळा झाल्यावरच पिष्ट घालणे योग्य.

खुद्द थायोसल्फेटही विश्वासार्ह नसते. अम्लामुळे त्याचे विघटन होऊन सल्फाइट बनते आणि सल्फाइटाचा एक रेणू थायोसल्फेटाच्या दुप्पट आयोडीन घेतो. विद्राव बिघडूनही अधिक तीव्र भासतो, तो असा! याकरिता तो उकळून थंड केलेल्या पाण्यात करावा, त्यात किंचित सोडियम कार्बोनेट घालावे आणि त्याची तीव्रता वेळोवेळी पडताळावी.

तीन वाचने जुळली म्हणजे उत्तर बरोबर, हा समज मात्र सोडून द्यावयास हवा. तोच प्रमाद तिन्ही वेळा घडला तरीही वाचने जुळतातच. मिठावाचून केलेले कोरे अनुमापन अभिकारकांतील अशुद्धी व हवेचा परिणाम दाखविते; परंतु उडून गेलेले आयोडीन ते दाखवू शकत नाही. त्यासाठी ज्ञात वजनाच्या पोटॅशियम आयोडेटावर संपूर्ण कृती करून पाहणे अगत्याचे आहे. या दोन्ही कसोट्यांवाचून दिलेला निर्णय सुसंगत असेल; तो सत्य असेलच असे नाही.